मोरपंखी साडी

कडी वाजली, तेव्हा शिवकन्येनं आधी आरशात पाहिलं आणि मग दार उघडलं. दारात योगीराज उभा होता.

"या," ती म्हणाली. एरवी ती 'या भावजी' म्हणायची.

वडवणीच्या जत्रेत कित्येक वर्षं एकच जुनं नाटक होत आलं होतं. नायक शिवकन्येचा नवरा वैजिनाथ आणि नायिका हा योगीराज. बायकांच्या कामाला घरची बाई कोण पाठवणार? म्हणून मिशा काढून योगीराजच उभा राहायचा. अंगावर साडी मात्र शिवकन्येची, लग्नातली मोरपंखी. दरसाल तो मागायला यायचा, चहा घ्यायचा आणि जत्रा सरली की साडी धुऊन, घडी घालून आणून द्यायचा.

शेवटच्या अंकात नायक मरायचा. त्याचं डोकं मांडीवर घेऊन नायिका म्हणायची, "धनी, मला कुणाच्या हवाली केलंत?" तेव्हा योगीराजच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी यायचं. पडदा पडला तरी थांबायचं नाही. पुढच्या रांगेतल्या शिवकन्येला वाटायचं, हा माझाच पदर डोळ्यांना लावतोय.

गावही मुकं नव्हतं. एवढा देखणा गडी, किराणा दुकान चालतंय, आणि लग्नाचं नाव घेत नाही. कुणासाठी, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. वैजिनाथ हसण्यावारी न्यायचा. तीही न्यायची, पण साडी देताना घडीत चाफ्याचं एक फूल ठेवायची. ते कधी परत आलं नाही.

गेल्या साली वैजिनाथ छातीत कळ येऊन गेला. योगीराज मातीला आला, सगळे परतले तरी तिथंच बसून राहिला. त्यानंतर मात्र या घराची पायरी चढला नाही. आपल्याला बोल लागू नये म्हणून येत नसेल, असं शिवकन्येनं मनाशी धरलं. त्यांच्यात विधवेचा पाट लावायला मनाई नव्हती. उद्या गेवराईहून भाऊ तिला न्यायला येणार होता. उरलेला जन्म भावजयीच्या चुलीपुढं काढायचा की याच घरात राहायचं, ते आता या माणसाच्या एका शब्दावर होतं.

आणि यंदा नाटक नव्हतंच. घरोघर केबल आल्यापासून लोक नाटकात पेंगायला लागले होते, त्यात नायकही राहिला नाही. कमिटीनं बीडचा ऑर्केस्ट्रा ठरवला होता. मग हा साडी मागायला थोडाच आला असणार!

चहा झाला. योगीराज रिकाम्या बशीकडंच बघत राहिला.

"उद्या चाललात म्हणं गेवराईला."

"जावं लागतंय. थांब म्हणणारं कुणी न्हाई."

"एक मागायचं हुतं, वहिनी. वरीसभर धीर झाला न्हाई."

"मागा की."

"लोकाला कळलं तर हसतेल."

"हसू द्या. लोकं काय आपल्याला जेवाय घालतेत?"

"तुमी न्हाई म्हणलात, तर परत तोंड दाखवणार न्हाई."

"न्हाई कावून म्हणन मी?"

तो बशी हातात फिरवायला लागला. एवढ्या बाप्याला एवढं अवघड जातंय, याचं तिला हसू आलं आणि गलबलूनही आलं. त्याला सोपं जावं म्हणून ती उठली. ट्रंक उघडून तिनं मोरपंखी साडी काढली आणि त्याच्यापुढं धरली. घडीत सकाळीच ठेवलेलं चाफ्याचं फूल होतं.

योगीराजनं साडीकडं पाहिलंही नाही. तो ट्रंकेत बघत होता.

"साडी न्हाई, वहिनी. त्यो खालचा... वैजिनाथचा नाटकातला कोट."

तिनं कोट काढून दिला. त्यानं तो मांडीवर घेतला, कॉलरीवरून हात फिरवला आणि समोर ती उभी आहे हे विसरून, नायिकेच्या आवाजात हळूच म्हणाला, "धनी, मला कुणाच्या हवाली केलंत?"