अर्ध्या वाटेवरचा खडक

टेकडी चढणारे सगळेच आता निघण्याआधी गोळी घेत, त्यामुळे कुणालाही दम लागत नसे. स्पर्धा नव्हती की बक्षीस नव्हतं, पण मागे पडायची लाज वाटे म्हणून शैलजाही ती घेई. आज मात्र तिने गोळी मुद्दाम टाळली आणि अर्ध्या वाटेवर धापा टाकत खडकावर बसली. पूर्वी इथेच बसून ती आणि तिची मैत्रीण विनया घरचं, मुलांचं काय काय बोलत. गोळी आल्यापासून कुणी थांबलंच नव्हतं.

"गोळी विसरलीस का गं?" विनयाने चालता चालता विचारलं.

"नाही. बसावंसं वाटलं."

विनया थोडी पुढे गेली, घुटमळली आणि मागे फिरली. "मी दमले नाहीये," ती ओशाळून म्हणाली, "तरी बसू?"

शैलजा बाजूला सरकली.

विनया तिच्याशेजारी टेकली. मग म्हणाली, "आमचा मिहिर घर सोडून गेला गं. दिवाळीतच."