गावकीचं तपेलं

सिंधुबाई सकाळीच वरच्या आळीत शिरल्या, तेव्हा ओट्यावर दाढी करणाऱ्या सहादूचा हात अर्ध्या गालावर थांबला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भांडण झाल्यापासून खालच्या आळीचं माणूस इकडं फिरकलं नव्हतं.

"तपेलं पाहिजे," सिंधुबाई म्हणाल्या. "उद्या माझ्या नातीची, हर्षालीची हळद हाय."

भांडणानंतर गावकीच्या भांड्यांची वाटणी झाली होती, तीही अगदी न्यायानं. तपेली वरच्या आळीला, झाकणं आणि झारे खालच्या आळीला. तेव्हापासून वरची आळी उघड्यावर शिजवत होती आणि खालची आळी झाकणं घासून ठेवत होती. मध्यंतरी तालुक्याच्या मंडळींनी पारावर सुसंवाद सभा घेतली. दोन्हीकडचे लोक आले आणि एकमेकांकडे पाठ करून बसले. सभा यशस्वी झाल्याचा फोटो पेपरात आला. त्यात पाठीच जास्त होत्या.

"नाशकात मंडपवाल्याकडं भाड्यानं मिळंल की," सहादू म्हणाला.

"मिळंल. पण आपली तपेली असताना भाड्याची कशाला?"

'आपली' हा शब्द सहादूनं ऐकून घेतला. साबण न पुसताच त्यानं भांड्यांच्या खोलीचं कुलूप काढलं. "हे मधलं घ्या. तुमच्या आळीला पुरून उरंल."

"मधलं नको. मोठं द्या."

"मोठ्यात अख्ख्या गावाचं शिजतं, ताई."

"म्हणूनच. चूलबंद आवतन हाय, दोन्ही आळ्यांना. उद्या इथं कुणाच्या घरी चूल पेटायची नाय. अर्धं गाव बाजूला ठेवून पोरीला हळद लावू का मी?"

आसपासची दारं किलकिली झाली. सहादूनं त्यांच्याकडे पाहिलं. "यायचं का नाय, ते एकटा मी कसं सांगू? तपेलं मात्र न्या."

ते एकट्यानं उचलण्यासारखं नव्हतं. एक कडी सिंधुबाईंनी धरली, दुसरी अर्धा गाल पांढरा असलेल्या सहादूनं. दोघं धापा टाकत निघाले.

आळीच्या टोकाला सहादूची चुलती कुसाबाई लसूण सोलत बसली होती. खालच्या आळीशी बोलायचं नाही, हे आधी तिनंच ठरवलं होतं आणि मग आळीनं. तपेलं समोरून जाताना तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"सहादू," ती भिंतीला म्हणाली, "तिला सांग, भाजीत मीठ बेतानं घाल. मागच्या पंगतीला लय खारट झाली होती."