टीव्ही नसलेलं घर

मालिका आणि कार्टून पोरीची श्रद्धा गिळून टाकतील, या धास्तीनं सूनबाईंनी घरातला टीव्हीच काढून टाकला होता. रोज संध्याकाळी मोबाइलवर रोझरीची, म्हणजे जपमाळेची प्रार्थना लावायची आणि मायलेकींनी शेजारी-शेजारी गुडघे टेकायचे, असा त्यांचा नेम.

आज चर्चचे फादर घरी आले, तेव्हा सासूबाईंनी टोमणा मारलाच, “हल्लीच्या आया भाषणं फार देतात हो फादर. पोरांना धड एक ‘नमो मारिया’ येत नाही.”

“आज आमच्या बाईसाहेबच रोझरी सांगतील,” सूनबाई तोऱ्यात म्हणाल्या.

सात वर्षांच्या बाईसाहेबांनी माळ हातात घेतली आणि घडाघडा सुरू केलं. पहिले दहा मणी झाले, पुढचे दहा झाले, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. सूनबाईंची मान वीतभर ताठ झाली. आणि पोरगी एकदम गप्प बसली.

“विसरलीस का गं?” फादरनी मायेनं विचारलं.



“नाही फादर, आता साबणाची जाहिरात असते ना. तेवढ्यात मम्मी कुकर बघून येते.”