दोनशे बाराव्या पानावर

‘दोनशे बारा पानं झाली आणि ती बया अजून दारातच उभी! आत जा, नाहीतर बाहेर जा. निदान दार तरी लाव, वारा येतोय.’

ती खुदकन हसली. दातांच्या दवाखान्यात नंबर लावायच्या टेबलामागे बसून ती वाचनालयाच्या वेबसाइटवरची मतं वाचत होती. या महिन्यासाठी वाचनालयानं एक जाडजूड कादंबरी निवडली होती. एकमेकांना चिकटलेली सात जादूची जगं, आणि घंटा ओतणाऱ्याची मुलगी, जिला पलीकडच्या जगात उघडणारं दार सापडतं. सगळ्यांनी बरोबर अर्ध्यावर थांबायचं आणि मनातलं लिहायचं, असा नियम होता. नावं नाहीत, फक्त सभासद क्रमांक.

बहुतेक जण वैतागलेलेच होते. ‘कुठल्या जगात कुठला राजा? नकाशा द्या.’ ‘मांजर तिसऱ्या जगात मेलं होतं ना? मग पाचव्यात दूध कसं पितंय?’ ‘जावयाला हे पुस्तक भेट दिलं. तो आता फोन उचलत नाही.’

मग तिला ओळखीचा क्रमांक दिसला. तिच्याच घरचा.

घरात वाचनालयाचं एकच कार्ड होतं, आणि त्यावर हे पुस्तक पंधरा दिवसांपूर्वी मुलीनं आणलं होतं.

‘सगळे त्या पोरीला भित्री म्हणताहेत. घरचे वाईट वागले असते तर ती केव्हाच गेली असती. ते चांगले आहेत, हीच तर अडचण आहे. चांगल्या माणसांच्या घरातही श्वास कोंडतो.’

तिनं ते तीनदा वाचलं.

“बाई,” गालाला रुमाल लावून बसलेले आजोबा म्हणाले, “दाढ माझी दुखतेय. तोंड तुमचं का असं?”

घरी गेल्यावर तिनं पुस्तक उघडलं. दोनशे बाराव्या पानात खूण म्हणून बसचं तिकीट होतं. घरात बसनं जाणारं कुणीच नव्हतं. नवरा स्कूटरनं जायचा, ती स्वतः आणि मुलगी चालत. चौदा वर्षांची पोर बसनं कुठे जाऊन आली?

नवरा शर्टाला इस्त्री करत होता.

“पोरीचं काहीतरी बिनसलंय,” ती म्हणाली. “सारखी दार लावून बसते.”

“तुझं आपलं काहीतरीच. या वयात असतंच तसं.”

“विचारलं की अंगावर येते.”

“मग विचारू नकोस. प्रत्येक गोष्ट उकरून काढलीच पाहिजे का?” त्यानं कॉलर उलटी केली आणि पुन्हा इस्त्री फिरवली.

वेबसाइटवरचं मात्र ती बोलली नाही. बोलली असती तर त्यानं तिथल्या तिथे मुलीला हाक मारली असती, आणि पोरीनं लिहिणंही बंद केलं असतं.

दवाखान्यात मासिकं आणायला एक वेगळं कार्ड होतं. दुसऱ्या दिवशी त्या कार्डावरून तिनं त्या मताखाली लिहिलं, ‘ती घरच्यांना सांगून का जात नाही?’

उत्तर साडेअकराला आलं. शाळेत मोबाइलला बंदी होती. म्हणजे पोरगी चोरून नेते! तिला रडावं की चिडावं कळेना.

‘सांगायचं कसं? समोरच्याचा उतरलेला चेहरा बघवणार नाही. रोज जेवताना बोलायला तोंड उघडायचं, आणि मीठ मागून गप्प बसायचं.’

आदल्या रात्री मीठ कुणी मागितलं होतं, ते तिला काही केल्या आठवेना. मायलेकी एका टेबलावर जेवतो आणि मी ताटातलंच बघत बसते, असं म्हणून तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या.

तिनं चार वेळा लिहून खोडलं. आत डॉक्टरांचं यंत्र घरघरत होतं. शेवटी तिनं लिहिलं, ‘सांगून टाक. घरचं माणूस मोडून पडत नाही. ते रागावणार नाही, अडवणार नाही, फक्त ऐकून घेईल. हे मी खात्रीनं सांगते. पण न सांगता जाऊ नकोस.’

दिवसभर काही आलं नाही. तिनं दोन पेशंटना एकाच वेळेचा नंबर दिला आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. संध्याकाळी आवरता आवरता उत्तर दिसलं.

‘धीर आला. शनिवारी सांगायचं ठरवलंय.’

शनिवारी तिनं सुट्टी घेतली. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती एकच घोकत होती. आवाज चढवायचा नाही. रडायचं नाही. आधी सगळं ऐकायचं.

मुलगी दुपारी आली आणि दप्तर खुर्चीत आदळलं.

“बाळा, ये, बस. काही सांगायचंय का मला?”

मुलगी थबकली. “तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. तू सांग. मी रागावणार नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“भूमितीत अकरा मार्क पडलेत. पन्नासपैकी.”

“आणि?”

“आणि काय? अकरा पुरेसे नाहीत का?” मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. “आई, तू बरी आहेस ना?”

“आणि ते पुस्तक? ती दारातली मुलगी... तुला काय वाटतं तिच्याबद्दल?”

“कसलं दार? मी ते अठराव्या पानावर सोडलं. कसलं रटाळ आहे! बाबा वाचतात ना. रोज ऑफिसला नेतात.”

बेडरूमचं दार उघडलं. नवरा बाहेर आला. ऑफिसला सुट्टी असूनही त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यानं मुलीला आत जायला सांगितलं आणि समोरची खुर्ची ओढून बसला.

“माझंही थोडं ऐकून घेशील?” तो म्हणाला. “कधीपासून सांगायचं होतं, पण धीर होत नव्हता. शेवटी वाचनालयातल्या कुणीतरी खात्रीनं सांगितलं, की तू अडवणार नाहीस.”