पाचेचा शेंडा

चिमीची टाळू खोल गेली होती. जयंतीने बोट ठेवलं तर ते तिथेच रुतून बसलं.

"घे ना गं राणी. एकच घोट," ती म्हणाली आणि बोंडल्याची चोच पुन्हा तिच्या ओठांना लावली. दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. चिमीने तोंड फिरवलं. रडली नाही. सकाळी निदान रडत तरी होती.

शेजारच्या क्वार्टरमधल्या रमाकाकूंनी खिडकीच्या वाळ्याच्या पडद्यावर तांब्याने पाणी मारलं. ते खाली पोचायच्या आत सुकलं. बाहेर लू सुटली होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"संध्याकाळपर्यंत पोटात दूध गेलं नाही तर घेऊन या म्हणाले. नाकातून नळी घालतील. पण आठ महिन्यांचं पोर, त्यातून इतकं सुकलेलं... पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

दार वाजलं. उमाकांत आत आला. चांदपोलच्या फुलबाजारापर्यंत सायकलवर जाऊन आला होता, चेहरा भाजून निघाला होता. त्याने ओल्या फडक्याची पुरचुंडी चटईवर सोडली.

जयंतीने नुसतं वाकून पाहिलं. "भाऊजी, हा मरवा आहे. पाचेचं रोप नव्हे."

"माहीत आहे. सगळ्या फुलवाल्या मरुआच पुढे करतात. पाच म्हटलं की नुसत्या बघत राहतात. आपल्या घाटाखाली परसापरसात असते, इथे कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. एक म्हणाली, बाबूजी, किस देवता को चढती है?"

"मग?"

"मग काय. हाच घेऊन आलो."

जयंतीने मरव्याच्या काड्या चुरल्या, पोलक्याच्या गळ्यात खोचल्या आणि चिमीला जवळ घेतलं. चिमीचं नाक हललं. तिघंही श्वास धरून बघत राहिली. चिमीने एकदा हुंगलं आणि मघापेक्षा लांब मान वळवली.

जयंतीच्या थोरल्या बहिणीच्या, विभाच्या अंबाड्यात रोज पाच असायची. तिच्या पातळांच्या घड्यांत, उशीच्या अभ्र्यात. चिमी जन्मल्यापासून त्याच वासात दूध प्यायली होती. आई गेल्यावरही तिच्या पातळात गुंडाळलं की ती बोंडल्याने पीत होती, म्हणून हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. सुतक फिटलं, घर धुऊन निघालं आणि त्याच दुपारी तिने दूध सोडलं.

"माझेच हात जळले मेले," रमाकाकू म्हणाल्या. "पण सुतक फिटल्यावर धुवायचंच असतं गं सगळं."

"पातळंसुद्धा?"

"पातळंच आधी." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "रिठ्याच्या पाण्यातून काढली. दोनदा."

काल जयंतीने कुंडीतल्या पाचेचं एक पान चुरून गळ्यात घातलं होतं, तेव्हा चिमी अर्धं बोंडलं प्यायली होती. तसं एकेक करत पानं संपली. सुतकात कुंडीला पाणी घालायचंही कुणाला सुचलं नव्हतं, निम्मं झाड तेव्हाच करपलं होतं. आता शेंडा तेवढा हिरवा होता.

ती चिमीला घेऊन उठली. उमाकांत तिच्याआधी अंगणात गेला.

कुंडीवर त्याने आपली छत्री बांधली होती. तिच्या सावलीत तो उकिडवा बसला.

"तार केली आहे," तो म्हणाला. "गावाहून बापू दुसरं रोप घेऊन निघतील."

"बापू कधी पोचायचे? आणि ते रोप या उन्हात इथवर जगेल?"

"शेंडा राहिला तर हे फुटेल पुन्हा."

"फुटेल. श्रावणात."

"जयंती, हे तिने राजापुराहून मांडीवर ठेवून आणलं होतं. रतलामला गाडी बदलताना ट्रंक माझ्याकडे दिली, पण कुंडी दिली नाही. काही उरलं नाही गं तिचं. जे होतं ते धुतलं, दिलं."

जयंती त्याच्यासमोर खाली बसली. तिने चिमीला त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. चिमीचे डोळे अर्धे मिटलेले होते, ओठांवर पापुद्रा धरला होता.

"हे उरलं आहे, भाऊजी."

उमाकांतने कुंडीत हात घातला आणि शेंडा बुडापासून मोडला. काड होऊन राहिलेलं खोड कुंडीत कलंडलं.

वास आला. रमाकाकू उंबऱ्यातच थांबल्या. उमाकांतने मान खाली घातली. तशाच खालच्या मानेने त्याने पानं तळहातावर चुरली आणि जयंतीच्या हातात दिली.

तिने ती गळ्याशी दाबून धरली, चिमीला त्यावर टेकवलं. चिमीने नाक खुपसलं. मूठ उघडली, जयंतीचं पोलकं धरलं. बोंडल्याची चोच ओठांना लागली तेव्हा तिने तोंड फिरवलं नाही. एक घोट गेला. मग दुसरा. मग घशाचा गटगट आवाज यायला लागला.

"पितेय गं," रमाकाकू हळूच म्हणाल्या. "पण जयंती, उद्याचं काय?"

बोंडलं रिकामं झालं. चिमीचे ओठ तरीही हलत होते.

जयंतीने गळ्यावरचा हात काढला नाही. दुसऱ्या हाताने तिने बोंडलं पुढे केलं.

"काकू, दूध आणा. लवकर आणा. वास उडतोय."