आपोआप लागणारे दिवे

बाबांच्या जुन्या गाडीत पावसाचा आणि उजेडाचा सेन्सर बसवून दे, असं दादानं सांगितलं तेव्हा गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या धाकट्या बहिणीला त्याचं कौतुकच वाटलं. तिनं गॅरेजच्या अंधुक उजेडात आरशामागे काचेला जेलची चिकट चकती लावली, सेन्सर दाबला, लॅपटॉपवरून गाडीला सेन्सरची ओळख पटवणारं कोडिंगही उरकलं. "अंधार पडला तरी बाबा दिवेच लावत नाहीत," दादा म्हणाला. "आता आपोआप लागतील." "विसरतात?" "छे! अंधार पडलेला कळतच नाही. दिसतच नाही फारसं." "आणि तू त्यांना गाडी चालवू देतोस?" "मग बाजारहाट कोण करणार? मी?" तिनं काचेवर पाणी उडवलं. तेवढ्यात स्टिअरिंगमागे येऊन बसलेल्या बाबांच्या डोळ्यांसमोर वायपर मुकाट फिरू लागले. बाबांनी हौसेनं विचारलं, "झालं का गं चालू?" तिला सख्ख्या भावाची शिसारी आली. तिनं सेन्सर चकतीसकट उपटला. "दादा, हा स्वतःच्या कपाळाला चिकटव. बघ, काही जाणवतं का!"