पैनगंगेतले खेकडे

“बाबा, हळू. पुढं दगड हाय.”

“माहीत हाय मला. तू जन्मायच्या आधीपासून तिथंच हाय तो,” रामकिशन म्हणाले आणि दगडाला वळसा घालून पाण्यात उतरले. दगड मात्र त्यांना दिसला नव्हता.

पावसाळ्यापासून त्यांना काहीच दिसत नव्हतं. ऊन आणि सावली, एवढाच फरक कळायचा. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. इस्लापुरात हे फक्त शेजारच्या धुरपताबाईला ठाऊक होतं, आणि तिनं कुणाला न सांगायचा शब्द दिला होता. विशाखाला कळलं असतं, तर तिनं त्याच दिवशी बापाला नांदेडला नेलं असतं, तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घरात. बायको गेल्यावर रामकिशनकडं उरलं होतं ते दोन खोल्यांचं घर आणि ही नदी. ती सोडून कुणाच्या तरी खिडकीशी बसून राहायचं, या विचारानंच त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

उन्हाळ्यापासून विशाखा फोनवर नुसतं येते, येते म्हणत होती. काल संध्याकाळी न कळवताच आली. “जयभीम, बाबा,” म्हणाली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. आत येईना. पोरगी आपल्याकडंच बघतेय, हे रामकिशनना कळलं.

“उद्या खेकडे खायचे का?” त्यांनी घाईघाईनं विचारलं होतं. “मी धरून आणतो.”

एकदा नदीवर नेलं, स्वतःच्या हातानं खेकडे धरून दाखवले, की तिचा संशय फिटेल, असं त्यांना वाटलं होतं.

पाण्यात त्यांना डोळ्यांचं काम नव्हतं. दगडाच्या कपारीत हात घालायचा, बोटाला खरखरीत पाठ लागली की मागून चिमटीत धरायचं आणि बादलीत टाकायचं. कडेच्या गाळात पायाच्या अंगठ्यानं चाचपलं की शिंपले लागायचे. दूर सहस्रकुंडाचा धबधबा घुमत होता. त्या आवाजावरून काठ कुठल्या अंगाला, ते त्यांना बरोबर कळत होतं.

“तू बी उतर की! लहानपणी वढून काढावं लागायचं तुला पाण्यातून.”

“नको बाबा. पाणी गार हाय. आन् हाताला काही लागलं बिगलं तर...”

काठावर बसून ती आपल्यावरच नजर ठेवून आहे, असं रामकिशनना वाटलं. ते आणखी जोरात दगड हलवू लागले.

“बाबा, तो बघा! बादलीतून निघाला!”

रामकिशन गर्रकन वळले. खडकावर नांग्या खरडल्याचा आवाज आला, पण तो पाठीमागून.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “लहान हाय तो.”

घरी येताना विशाखा वाटेत दोनदा दम लागल्यासारखी थांबली. आपण कुठं अडखळतो ते बघायला थांबते, असं समजून रामकिशन ताठ चालत राहिले.

घरी त्यांनी चूल पेटवली. बारीक पाय पाट्यावर वाटून त्यांचा रस काढला, येसर मसाला लावला, शिंपल्यांचं मांसही त्यात टाकलं. भगुण्यातून वास सुटला तशी धुरपताबाई भाकरी घेऊन आली. दारातच तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

“अगं माय, विशाखा!” ती म्हणाली. “बाबांना तर काहीच...”

“धुरपताबाई, भाकरी द्या इकडं!” रामकिशन ओरडलेच. “रस्सा निवून राहिला.”

धुरपताबाईनं भाकरीची टोपली खाली टेकवली.

“खा माय. पोटभर खा,” ती शेवटी कशीबशी म्हणाली आणि न बसताच निघून गेली. बाईनं शब्द पाळला, म्हणून रामकिशननी मनातल्या मनात हात जोडले.

दोघं जेवायला बसले. त्यांचे कान विशाखाच्या ताटाकडं होते. भाकरी मोडल्याचा आवाज नाही, कवच फोडल्याचा नाही.

“नांगी फोड की. तुझ्यासाठी मोठ्या मोठ्या ठेवल्या.”

“खाऊन राहिले, बाबा.”

ती खात नव्हती. काहीतरी कापड सळसळलं.

“बाबा, माझ्याकडं बघा जरा.”

रामकिशनचा घास हातातच राहिला.

“कशी दिसून राहिले मी? खरं सांगा. मी त्याच्यासाठीच आले.”

म्हणजे संशय होताच. काल उंबऱ्यात, आज काठावर, तिला हेच विचारायचं होतं. रामकिशननी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. अंगावर कुठल्या रंगाचे कपडे आहेत, ते कसं सांगणार? वाळली की जाड झाली, ते तरी कसं? पोरीचं कधीच बदलणार नाही असं काय, ते मनात शोधू लागले.

“आईवानी दिसतीस,” ते म्हणाले.

भाकरी मोडल्याचा आवाज अजून नव्हता. एवढ्यानं भागलं नव्हतं.

“केस तर तिचेच घेतलेस. वेणी कमरेखाली गेली तरी तेल लावायचा कंटाळा! कसे कोरडे झाले बघ. दिसतंय मला इथून.”

बाहेर कोंबडी ओरडत होती. चुलीतलं लाकूड खाली घसरलं. मग किती तरी वेळानं विशाखाच्या ताटात कडकन नांगी फुटली.

रामकिशननी सुस्कारा सोडला. जमलं. आता नांदेडचं नाव निघणार नाही. त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला आणि चवीनं रस्सा ओरपला.

समोर विशाखा डोक्यावरचा स्कार्फ काढून मांडीवर घेऊन बसली होती. कॅन्सरच्या औषधांनी एकही केस शिल्लक न ठेवलेल्या डोक्यावरून तिनं हात फिरवला आणि बापाच्या डोळ्यांकडं बघत म्हणाली, “हाव बाबा. लावते तेल.”